यंत्रांची झुंज आणि पंचांचा निकाल

कुस्तीच्या मैदानांत एका मल्लाची पाठ मातीला लागते, तेव्हां तें हजारों डोळे पाहत असतात. तरीहि निकालावरून वाद व्हावयाचे ते होतातच. मग ज्या खेळांतील मल्ल हाडामांसाचे नसून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोटारी आणि तारा यांचे बनलेले असतात, त्या खेळांत दांडगाई कशाला म्हणावें आणि तिचा निवाडा कोणीं व कसा करावा, हा प्रश्न सोपा असणार नाहीं, हें उघड आहे.

सातारा-सांगलीकडे हा प्रश्न आतां केवळ ऐकीव राहिलेला नाहीं. सांगलीचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालीं निघालें, कऱ्हाडचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालीं. साखराळें येथील राजारामबापू तंत्रज्ञान संस्था १९८३ सालची. या संस्थांतील तरुणांना यंत्रांच्या स्पर्धा परक्या नाहींत. शिवाय २०१६ पासून नीति आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा देशांतील शाळांतून निघूं लागल्या आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातीं मोटारी, संवेदक व लहान संगणक-पट्ट्या आल्या. यंत्र हातीं आलें कीं शर्यत येते, आणि शर्यतीबरोबर धक्काबुक्कीहि येते.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या टेकफेस्ट या उत्सवांत ‘रोबोवॉर’ नांवाची जी झुंज होते, तींत प्रतिस्पर्ध्याचें यंत्र मोडणें हेंच उद्दिष्ट असतें. तेथें फिरतीं पातीं व हातोडे चालतात, प्रेक्षक जाड पारदर्शक भिंतींच्या पलीकडे बसतात, आणि जें यंत्र ठराविक सेकंद हललें नाहीं, तें हरलें. अशा ठिकाणीं यंत्र मोडल्याची तक्रार करणें म्हणजे विहिरींत उडी घेऊन अंग भिजल्याची तक्रार करण्यासारखें आहे. दुसऱ्या टोकाला, काळ्या रेषेवरून धांवणाऱ्या लहान गाड्यांच्या शर्यती असतात. तेथें एका यंत्रानें दुसऱ्यास शिवण्याचा प्रसंगच येत नाहीं. वाद होतो तो मधल्या खेळांत. एकाच मैदानांत दोन्ही बाजूंचीं यंत्रें फिरतात, चेंडू टाकतात, ठोकळे रचतात, आणि प्रतिपक्षास अडविणें हा डावाचाच एक भाग असतो. अडविणें कोठें संपलें आणि मोडणें कोठें सुरू झालें, ही सीमा पंचानें एका क्षणांत ओळखावयाची असते.

या मधल्या प्रकारांतील आपल्याकडे परिचित अशी स्पर्धा म्हणजे रोबोकॉन होय. आणि ती ध्वनिक्षेपणाच्या घरांतच जन्मास आली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आशिया व प्रशांत महासागरांतील देशांच्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांच्या संघानें ती २००२ सालीं टोकिओ येथें सुरू केली. भारतांतील फेरी दूरदर्शनच्या सहकार्यानें अनेक वर्षें पुण्यास बालेवाडी येथें भरत असे, आणि २००८ व २०१४ या सालीं आंतरराष्ट्रीय स्पर्धाहि पुण्यासच झाली. यजमान देशानें आपल्या परंपरेंतून खेळाचा विषय सुचवावा, अशी येथील प्रथा आहे. त्याप्रमाणें २००८ चा विषय गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी, होता. आणि २०२२ सालीं दिल्लीस झालेल्या स्पर्धेचा विषय होता लगोरी.

लगोरीचा विषय निवाड्याच्या दृष्टीनें फार बोलका आहे. गल्लींतल्या लगोरींत चेंडू पाठींत बसतो, आणि ‘लागला’ कीं ‘नाहीं लागला’ यावरून अर्धा खेळ भांडणांतच संपतो. यंत्राला तर पाठहि नाहीं आणि कळहि येत नाहीं. तेव्हां नियमकर्त्यांनीं युक्ति केली ती अशी कीं, लगोरी रचणाऱ्या बाजूच्या यंत्राच्या माथ्यावर एक चेंडू ठेवावयाचा, आणि प्रतिपक्षानें आपला चेंडू फेंकून तो खालीं पाडावयाचा. माथ्यावरचा चेंडू पडला कीं लागला. यंत्राच्या अंगास इजा नाहीं, पंचास संशय नाहीं. दांडगाईचा निम्मा प्रश्न असा नियम लिहितांनाच सुटूं शकतो. मात्र सर्वच विषय इतके सुदैवी नसतात. २०२५ सालीं मंगोलियांत उलानबातर येथें बास्केटबॉल हा विषय होता. दोन्ही बाजूंचीं यंत्रें एकाच अंगणांत समोरासमोर आलीं आणि अडविण्याचा प्रश्न पुन्हां उभा राहिला.

तो सर्वांत बारकाईनें सोडविण्याचा प्रयत्न अमेरिकेंतील फर्स्ट या संस्थेनें केला आहे. डीन केमन या संशोधकानें ती १९८९ सालीं स्थापिली आणि १९९२ सालीं न्यू हॅम्पशायरमध्यें २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. तेथें तीन-तीन संघ एक होऊन दुसऱ्या तिघांशीं खेळतात. यंत्रें सुमारें पन्नास किलो वजनाचीं असतात आणि डाव जेमतेम अडीच मिनिटांचा असतो. प्रत्येक यंत्राभोवतीं लाकडी फळी, मऊ नळ्या आणि कापड यांचा गादीसारखा पट्टा बांधणें सक्तीचें आहे. गादीवर गादी आदळली तर तो खेळ: ढकला, रेटा, वाट अडवा. उलथून पाडणें किंवा अडकवून ठेवणें हा मात्र डावपेंच म्हणून निषिद्ध. एखाद्या यंत्रास कोपऱ्यांत दाबून धरलें तर पंच हात हलवून सेकंद मोजूं लागतो. तीन किंवा पांच, ज्या वर्षीं जसा नियम असेल तितके सेकंद झाले कीं सोडून मागें हटलें पाहिजे. न हटल्यास प्रतिपक्षास गुण मिळतात. अतिरेक झाला तर पिवळें पत्र दाखविलें जातें, आणि तसेंच पुन्हां घडलें तर तांबडें.

या नियमांतील खरी मख्खी आहे ती हेतूविषयींच्या कलमांत. बाहेरून केलेल्या आघातानें प्रतिपक्षाचें यंत्र बिघडलें, तर तो आघात जाणूनबुजून केला असें पंचास दिसलें पाहिजे. तरच दोष लागतो. परंतु प्रतिपक्षाच्या यंत्राच्या चौकटीच्या आंत आपण होऊन आपला हात घातला आणि त्यामुळें कांहीं मोडलें, तर हेतु विचारलाच जात नाहीं. हा भेद वरवर पाहतां विचित्र वाटतो, पण त्यामागें मोठी समज आहे. पैलवानाच्या डोळ्यांत राग दिसतो. त्यानें मान कशी धरली यावरून पंच पुष्कळ कांहीं ताडतो. यंत्र चालविणारा विद्यार्थी मात्र मैदानाबाहेर उभा असतो, त्याचा अंगठा बोटभर दांडीवर असतो, आणि चाक घसरलें तर त्यानें थांबविलें तरी यंत्र पुढें जातेंच. म्हणजे आघात झाला यावरून तो केला असें ठरत नाहीं. अशा वेळीं मनाचा ठाव घेत बसण्यापेक्षां बांधणीची जबाबदारी ठरविणें अधिक न्याय्य आहे. ज्यानें लांब हात बाहेर काढणारें यंत्र बांधलें, त्यानें तो हात दुसऱ्याच्या पोटांत जाणार नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

यावर दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, यंत्र दणकट बांधणें हीच अभियंत्याची परीक्षा. एका धक्क्यानें ज्याची तार निसटते, त्यानें तार नीट बसविली नव्हती, आणि दर धक्क्याला शिट्टी वाजूं लागली तर खेळाचें पाणीच जाईल. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, विद्यार्थ्यांनीं महिनोन्‌महिने रात्रीं जागून जें उभें केलें, तें प्रतिपक्षाच्या एका अविचारी रेट्यानें मातीमोल व्हावें, यांत कसलीच परीक्षा नाहीं.

पहिलें मत मोठ्या शहरांतील संपन्न संघाच्या तोंडीं अधिक शोभतें. पुण्यांतील मुलांची मोटार जळाली तर बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली हाकेच्या अंतरावर आहे. तेथें तिची जोड संध्याकाळपर्यंत मिळते. माण किंवा जत तालुक्यांतील शाळेच्या संघापाशीं बहुधा तेवढी एकच मोटार असते, आणि दुपारीं ती गेली तर त्या दिवसापुरती स्पर्धा संपली. तेव्हां धक्का दोघांना सारखाच बसला, तरी नुकसान सारखें होत नाहीं. तथापि सर्व स्पर्श बंद करा हें म्हणणेंहि टिकणारें नाहीं. रेटारेटींतच विद्यार्थी गुरुत्वमध्य खालीं ठेवावयास आणि तारा बांधून घ्यावयास शिकतो. गादीवरचा रेटा मोकळा ठेवावा आणि चौकटीच्या आंतील आघातास कठोर शासन असावें, हीच रेषा त्यांतल्या त्यांत योग्य दिसते.

आतां पंचच चुकला तर काय, हा प्रश्न. येथें या भागांतील कुस्तीचा अनुभव कामास येतो. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा एप्रिल २०२२ मध्यें साताऱ्यास झाली, आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्यें सांगलीस झाली. तेव्हां गादीवरच्या कुस्तीचा निवाडा कसा चालतो, हें येथील प्रेक्षकांनीं जवळून पाहिलें आहे. तेथें एकट्याच्या डोळ्यांवर भिस्त नसते. मैदानांतील पंच, बाजूचा न्यायाधीश आणि गादीचा प्रमुख अशा तिघांपैकीं दोघांचें एकमत लागतें. निर्णय मान्य नसेल तर मल्लाचा वस्ताद एक मऊ ठोकळा गादीवर टाकून आव्हान देतो. मग चित्रफीत पाहिली जाते. आव्हान खोटें ठरलें तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो आणि त्या कुस्तीपुरता आव्हानाचा हक्क जातो. तक्रारीस किंमत लावली कीं उठल्यासुटल्या तक्रार होत नाहीं.

पण व्यवस्था असूनहि माणसाचा तोल जातो. फेब्रुवारी २०२५ मध्यें अहिल्यानगर येथें गादी विभागाच्या अंतिम लढतींत दोन्ही खांदे टेकले कीं नाहीं, यावरून वाद पेटला, चित्रफीत पाहण्याची मागणी झाली, आणि एका मल्लानें पंचास लाथ मारली. त्याच दिवशींच्या शेवटच्या कुस्तींतहि वाद होऊन दुसरा एक मल्ल मैदान सोडून गेला. दोघांवरहि तीन-तीन वर्षांची बंदी आली. खांदे टेकले होते कीं नव्हते, हा प्रश्न त्या लाथेनें मागेंच पडला.

फर्स्टच्या स्पर्धेंत याच्या अगदीं उलट मार्ग धरलेला आहे. तेथें मुख्य पंच कोणाचीहि चित्रफीत कोणत्याहि सबबीखालीं पाहत नाहीं. दिवसाकांठीं डझनावारी डाव उरकावयाचे असतात, आणि ज्याच्यापाशीं चांगला कॅमेरा त्याचीच बाजू दिसणार, असा हा विचार आहे. रोबोकॉनच्या नियमांतहि, पुस्तकांत न आलेल्या बाबतींत पंचांचा विवेक प्रमाण, आणि तंटा झाल्यास त्यांचा शब्द शेवटचा, असेंच आहे. दोन्ही पद्धतींस बाजू आहे. परंतु आयोजकांनीं स्वतः मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर कॅमेरे बसविले नसतील, तर प्रेक्षकांतील भ्रमणध्वनीच्या चित्रांवर निकाल फिरविणें हें धोक्याचें होय.

चित्रफितीहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंचाशीं बोलावयाचें कोणीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें, हें सातारा जिल्ह्यांत लहान मुलासहि ठाऊक आहे. त्या दिवशींची दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. जपानच्या इशीशीं झालेल्या लांबलेल्या कुस्तींत ते हरले, आणि लगोलग त्यांस सोव्हिएत मल्लाशीं लढण्यास सांगण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति देण्याचा नियम होता. पण तो पंचांपुढें मांडावयास भारताचा एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता. थकल्या अंगानें ते उतरले आणि हरले. नियम छापलेला होता, परंतु तो बोलून दाखविणारें तोंड नव्हतें.

फर्स्टनें ही सोय नियमांतच करून ठेविली आहे. मैदानाच्या कडेला एक चौकोन आंखलेला असतो. तक्रार असलेल्या संघाचा एक विद्यार्थी तेथें जाऊन उभा राहतो आणि मुख्य पंच त्याचें ऐकून घेतो. शिक्षकानें किंवा पालकानें तेथें जावयाचें नाहीं. आपल्याकडे याचें महत्त्व विशेष आहे, कारण तंटा बहुधा मुलांपेक्षां त्यांच्या वडीलधाऱ्यांतच अधिक पेटतो. पंधरा वर्षांच्या मुलानें नियमाचा क्रमांक सांगून शांतपणें विचारलें, तर पंचासहि उत्तर देणें सोपें जातें.

महाविद्यालयांच्या उत्सवांत भरणाऱ्या लहान स्पर्धांत यापैकीं फारच थोडें आढळतें. जाहिरातीच्या पानावर ‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील’ एवढी एक ओळ असते. पंच म्हणून त्याच महाविद्यालयाचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी उभे राहतात आणि खेळणाऱ्यांत त्यांचाच एखादा संघ असतो. कुंडलच्या मैदानांत असा एकगांवी पंच कोणी खपवून घेणार नाहीं. साताऱ्याच्या स्पर्धेस सांगलीचे पंच आणि सांगलीच्या स्पर्धेस साताऱ्याचे, एवढी अदलाबदल करावयास एस.टी.च्या भाड्यापलीकडे खर्च नाहीं.

आणखी एक अडचण उरते, ती भाषेची. या खेळांचीं नियमपुस्तकें इंग्रजींत येतात, आणि तीं लांबलचक असतात. तीं जिल्हा परिषदेच्या शाळेंतील मुलापर्यंत पोंचतात तीं शिक्षकाच्या तोंडून, आणि तींहि अर्धींमुर्धीं. मग चौकोनांत उभें राहून कोणत्या नियमाचा क्रमांक त्यानें सांगावा? या पुस्तकांचें मराठी करणें तितकें अवघडहि नाहीं. दाबून धरणें, रेटणें, उलथविणें, सोडविणें, बरोबरीत सोडणें, हे सारे शब्द आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरांत आहेत. सांगली-कऱ्हाडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीं एका सुटींत बसून वर्षाच्या नियमांचें मराठी पुस्तक तयार केलें, तर पुढील हंगामाच्या आधीं तें शाळांतून वांटतां येईल.