संदर्भांचे बिऱ्हाड हलविताना

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ दोन प्रकारची मिळकत साठत असते. एक, त्याने स्वतः लिहिलेली पाने. आणि दुसरी, त्याने वाचलेल्या ग्रंथांची व लेखांची नोंद. पहिलीला तो जिवापाड जपतो, दुसरी मात्र गृहीत धरून चालतो. पूर्वी ही नोंद पाच इंच लांब व तीन इंच रुंद अशा कार्डांवर असे. एका पेटीतील कार्डे दुसऱ्या पेटीत ठेवली म्हणून त्यांवरील अक्षर काही बदलत नसे, कारण कार्डाचे माप सगळीकडे सारखेच होते. आज तीच कार्डे एंडनोट, मेंडेले, झोटेरो अशा प्रोग्रॅमांत ठेवली जातात. ह्या प्रोग्रॅमांना आपण ‘संदर्भ-व्यवस्थापक’ म्हणू. ते संदर्भ साठवितात, लेखात योग्य जागी घालून देतात आणि शेवटची सूची आपोआप तयार करतात. सोय मोठी आहे, ह्यात शंका नाही. परंतु ह्या पेट्यांची मापे सारखी नाहीत, आणि पेटी बदलण्याची वेळ आली म्हणजे हा फरक जाणवू लागतो.

ही वेळ येते कशी? एंडनोट हा विकत घ्यावयाचा प्रोग्रॅम आहे. विद्यापीठाने परवाना घेतला असेल तोवर विद्यार्थ्याला तो मिळतो. पुढे त्याला स्वतःचा खिसा चाचपावा लागतो. मेंडेले २००८ साली सर्वांपुढे आला आणि २०१३ साली एल्सेव्हियर ह्या प्रकाशनसंस्थेने तो विकत घेतला. त्याची जुनी ‘डेस्कटॉप’ आवृत्ती सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही. रेफरन्स मॅनेजर नावाचा एक जुना व नामांकित प्रोग्रॅम होता. २०१५ च्या अखेरीस त्याची विक्रीच थांबली. सारांश, प्रोग्रॅम येतात आणि जातात. प्रबंधाचे काम पाच-सहा वर्षे चालते आणि अभ्यासकाचे वाचन जन्मभर. म्हणून आपले बिऱ्हाड कसे हलवावे, हे प्रत्येकाला ठाऊक असलेले बरे.

सामान चार प्रकारचे

संदर्भसंग्रह म्हणजे एकच एक वस्तू आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात चार थर असतात, आणि प्रत्येक थराची वाट निराळी असते.

पहिला थर नोंदींचा: लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठे. हा थर सहसा सुखरूप पोहोचतो. दुसरा थर नोंदीला जोडलेल्या पीडीएफ फाईलींचा. तिसरा मांडणीचा, म्हणजे आपण केलेले गट, लावलेल्या खुणा, लिहिलेली टिपणे आणि पीडीएफवर मारलेल्या रंगीत रेघा. चौथा थर संग्रहात नसतोच. तो वर्डमध्ये लिहिलेल्या प्रकरणांत असतो. तेथे ‘(अमुक, १९८२)’ असे जे दिसते ते साधे अक्षर नसून जुन्या प्रोग्रॅमशी बांधलेला एक धागा असतो. पहिला थर नीट पोहोचला म्हणजे सगळे आले, असे समजून पुष्कळजण निश्चिंत होतात. खरे नुकसान तिसऱ्या आणि चौथ्या थरात होते, आणि ते ध्यानात येते प्रबंध सादर करावयाच्या महिन्यात.

वाहतुकीची तीन साधने

नोंदी एका प्रोग्रॅममधून बाहेर काढणे ह्याला ‘एक्स्पोर्ट’ आणि दुसऱ्यात घेणे ह्याला ‘इम्पोर्ट’ म्हणतात. मधल्या प्रवासासाठी नोंदी एका साध्या फाईलीत लिहिल्या जातात. ह्या फाईलींचे मुख्य प्रकार तीन: आरआयएस, बिबटेक्स आणि एक्सएमएल.

आरआयएसमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरांची खूण असते. ‘टीवाय’ म्हणजे नोंदीचा प्रकार, ‘एयू’ म्हणजे लेखक, ‘पीवाय’ म्हणजे प्रकाशनवर्ष, ‘केडब्ल्यू’ म्हणजे विषयशब्द, आणि ‘ईआर’ आले की नोंद संपली. ही पद्धत रेफरन्स मॅनेजर काढणाऱ्या कंपनीनेच घालून दिली. प्रोग्रॅम अस्तंगत झाला, पण त्याची ही लिपी आज बहुतेक सर्व संदर्भ-व्यवस्थापकांना वाचता येते. ह्यातला बोध घेण्यासारखा आहे: साधी, उघड लिपी तिच्या धन्यापेक्षा जास्त जगते.

बिबटेक्स १९८५ च्या सुमारास ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी लाटेक् ह्या मुद्रणपद्धतीसाठी तयार केला. गणित व भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो परिचित असेल. एक्सएमएल फाईल आकाराने मोठी असते. परंतु एंडनोटमधून निघताना तिच्यात अधिक रकाने आणि जोडलेल्या पीडीएफचे पत्तेही येतात.

तिन्ही साधनांची एक उणीव समान आहे. ती रकाने वाहून नेतात, पण दोन्हीकडचे रकाने जुळतातच असे नाही. आरआयएसमधील ‘ए-टू’ ह्या खुणेचा अर्थ पुस्तकातील प्रकरणासाठी संपादक, तर दुसऱ्या प्रकारच्या नोंदीत मालेचा संपादक असा बदलतो. बिबटेक्सच्या मूळच्या ठरीव शैलींत अनुवादकासाठी रकानाच नाही. यू. आर. अनंतमूर्ती ह्यांच्या ‘संस्कार’ कादंबरीचा ए. के. रामानुजन ह्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आपल्या यादीत असेल, तर ह्या वाटेने रामानुजन ह्यांचे नाव सूचीतून गळू शकते. कानडी आणि मराठी ह्यांच्यामधील देवघेवीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अनुवादकाचे नाव गळणे म्हणजे अर्धा विषयच गळण्यासारखे आहे.

दोन नेहमीच्या वाटा

एंडनोटमधून झोटेरोकडे जाताना आरआयएसऐवजी एक्सएमएल निवडावे. एंडनोटचा संग्रह संगणकावर दोन भागांत असतो: एक फाईल, आणि तिच्याच नावाचे पण शेवटी ‘डेटा’ असलेले फोल्डर. ह्या फोल्डरमध्ये ‘पीडीएफ’ नावाचे आणखी एक फोल्डर असते. एक्सएमएल फाईल त्या ‘डेटा’ फोल्डरमध्येच ठेवावी. म्हणजे झोटेरोला नोंदींबरोबर पीडीएफही सापडतात. फाईल भलतीकडे ठेवली तर नोंदी येतात आणि पीडीएफ मागे राहतात.

एंडनोटमधील गट मात्र ह्या फाईलीत येत नाहीत. त्यावर उपाय असा: एकेक गट निवडून ‘चेंज अँड मूव्ह फील्ड्स’ ह्या सोयीने गटाचे नाव त्यातील सर्व नोंदींच्या विषयशब्दांच्या रकान्यात घालावे. झोटेरोत हे विषयशब्द खुणांच्या रूपाने उतरतात, आणि खुणेवरून गट पुन्हा बांधणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. हे निघण्यापूर्वीच करावे लागते. नंतर केवळ स्मरणावर भिस्त.

मेंडेलेकडून झोटेरोकडे जाण्याची वाट निराळी. पूर्वी झोटेरो हा मेंडेलेची संगणकावरील फाईल थेट वाचीत असे. २०१८ साली मेंडेलेच्या १.१९ ह्या आवृत्तीपासून ती फाईल कुलूपबंद स्वरूपात ठेवली जाऊ लागली आणि तो दरवाजा लागला. आता झोटेरोच्या ‘इम्पोर्ट’मध्ये मेंडेलेची निवड केली की तो आपल्या मेंडेले खात्यात शिरून नोंदी, गट आणि पीडीएफ आणतो. म्हणून निघण्यापूर्वी मेंडेलेमधील सर्व सामान त्याच्या दूरच्या साठ्यात चढले आहे ना, हे पाहावे. जी पीडीएफ फक्त आपल्या संगणकावर आहे ती ह्या वाटेने येणार नाही.

झोटेरो २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात निघाला. तो विनामूल्य आहे, आणि त्याच्या दूरच्या साठ्यात ३०० एमबीपर्यंतच्या फाईली फुकट ठेवता येतात. स्वतःच्या संगणकावर अशी मर्यादा नाही. ह्याच प्रोग्रॅमवरून २००८ साली एक खटला उभा राहिला होता. एंडनोटच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, थॉमसन रॉयटर्सने, अशी फिर्याद केली की झोटेरोने आपल्या सूचीशैलींच्या फाईली उलगडून वाचण्याची युक्ती केली, आणि वर्षाला किमान एक कोटी डॉलर भरपाई मागितली. जून २००९ मध्ये तो दावा काढून टाकण्यात आला. पेटी कंपनीची असली तरी कार्डे आपली आहेत, आणि ती हवी तेव्हा काढून नेता आली पाहिजेत, हा मुद्दा त्या निमित्ताने पुष्कळांच्या ध्यानात आला.

आपल्या भाषांच्या अडचणी

इंग्रजी नियतकालिकातील लेखाची नोंद बिघडली तर फारसे अडत नाही. अशा बहुतेक लेखांना ‘डीओआय’ नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो दिला की सगळी माहिती पुन्हा मिळते. मराठी वा कानडी ग्रंथांची गोष्ट अगदी वेगळी आहे. शं. ग. दाते ह्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. त्यातील एखाद्या जुन्या पुस्तकाला असा क्रमांक कोठून असणार? ती नोंद विद्यार्थ्याने ग्रंथालयात बसून हाताने उतरविलेली असते. ती हरवली तर पुन्हा त्या कपाटापर्यंत जाणे आले. म्हणून स्थलांतरात सर्वांत जास्त जपावयाच्या त्या आपल्या भाषांतील नोंदी.

पहिली अडचण लिपीची. फाईल काढताना अक्षरांची पद्धत ‘यूटीएफ-८’ निवडावी; नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. जुन्या ठशांच्या फाँटात टंकलेले मजकूर, मराठीसाठी श्री-लिपी किंवा कानडीसाठी नुडीचे जुने फाँट, हे त्याहून कठीण. त्यांत संगणक आतमध्ये भलतीच अक्षरे साठवीत असतो. ती मराठी किंवा कानडी दिसतात ती केवळ त्या फाँटामुळे. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच हलवावा.

दुसरी अडचण नावांची. बिबटेक्समध्ये स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव मानला जातो. इंग्रजीत ‘अनंतमूर्ती यू. आर.’ असे लिहिले तर आडनाव ‘आर.’ ठरते आणि सूचीत ते भलत्याच अक्षराखाली जाऊन बसते. दोन लेखकांच्या मध्ये बिबटेक्सला इंग्रजी ‘अँड’ हा शब्द लागतो. त्यामुळे पुण्याच्या ‘डेक्कन कॉलेज पोस्ट-ग्रॅज्युएट अँड रिसर्च इन्स्टिट्यूट’ ह्या एकाच संस्थेचे दोन लेखक होतात! संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसात घातले की हा घोटाळा टळतो.

तिसरी अडचण वर्षाची. जुन्या पुस्तकांवर ‘शके’ असते. वर्षाच्या रकान्यात इसवी सनच घालावा आणि शके टिपणात लिहावे. कारण प्रोग्रॅम त्या रकान्यावरून क्रम लावतो, आणि शके १८२० चे पुस्तक १८२० सालचे म्हणून पाऊणशे वर्षे मागे जाते.

लिहिलेल्या प्रकरणांचे काय?

हा चौथा थर सर्वांत नाजूक. एंडनोटने वर्डमध्ये घातलेले संदर्भ झोटेरोला आपले म्हणून ओळखता येत नाहीत; ते एकेक करून पुन्हा घालावे लागतात. तीनशे संदर्भांचा प्रबंध असेल तर ते कित्येक दिवसांचे काम आहे. म्हणून साधा नियम असा ठेवावा: अर्ध्याहून अधिक लिहून झालेला प्रबंध जुन्याच प्रोग्रॅममध्ये पुरा करावा आणि पुढचे काम नव्यात सुरू करावे. लाटेक् वापरणाऱ्यांनी प्रत्येक नोंदीची ‘की’, म्हणजे तिचे सांकेतिक नाव, स्थलांतरात बदलले नाही ना ते पाहावे. ते बदलले तर प्रकरणात संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह छापले जाते. झोटेरोला ‘बेटर बिबटेक्स’ नावाची पुरवणी जोडली तर ही नावे पक्की करून ठेवता येतात.

एक दिलासाही आहे. एंडनोट वापरून लिहिलेल्या वर्ड फाईलीत त्या त्या संदर्भांची प्रत दडलेली असते. मूळ संग्रह नाहीसा झाला तरी ‘ट्रॅव्हलिंग लायब्ररी’ ह्या सोयीने त्या नोंदी परत काढता येतात.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

प्रथम जुन्या संग्रहाची संपूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. एंडनोटमध्ये ‘कॉम्प्रेस्ड लायब्ररी’ करता येते; झोटेरोत प्रोग्रॅम बंद करून त्याचे सबंध फोल्डर उचलावे. मग दहा नोंदींची चाचणी घ्यावी, आणि त्या दहा मुद्दाम अवघड निवडाव्यात: एक मराठी ग्रंथ, एक कानडी, एक अनुवाद, संपादित ग्रंथातील एक प्रकरण, एक वर्तमानपत्री लेख, एक अप्रकाशित प्रबंध, संस्थेच्या नावाचा एक अहवाल, आणि पीडीएफ, टिपणे व रेघा असलेल्या दोन-तीन. ह्या नीट पोहोचल्या तर बाकीच्याही बहुधा पोहोचतील.

सगळा संग्रह हलविल्यावर दोन्हीकडच्या नोंदींची संख्या ताडून पाहावी. पीडीएफही मोजाव्यात. दुबार नोंदी शोधाव्यात, पण त्या एकत्र करताना कोणत्या नोंदीवर आपले टिपण आहे ते पाहून मगच हात घालावा. रकाना न सापडलेली माहिती झोटेरोत बरेचदा ‘एक्स्ट्रा’ ह्या रकान्यात जाऊन बसते. तो एकदा चाळावा. आणि जुना प्रोग्रॅम लगेच काढून टाकू नये. मौखिक परीक्षा होईपर्यंत तो तेथे राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही.

ज्यांना तूर्त कोठेच जावयाचे नाही त्यांनीही दर सहा महिन्यांनी आपल्या संग्रहाची एक आरआयएस किंवा बिबटेक्स फाईल काढून ठेवावी. ती कोणत्याही संगणकावर साध्या मजकुरासारखी उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते. कोणतीही कंपनी बंद पडो वा विकली जावो, त्या फाईलीतील कार्डे आपलीच राहतात.