पडझड बाजाराची, धास्ती ठेवींची

२० सप्टेंबर २०१९, शुक्रवार. कंपनी कर कमी झाल्याची घोषणा झाली आणि सेन्सेक्सने एका दिवसात १,९०० अंशांची उसळी घेतली. सोमवारी, २३ तारखेला, आणखी हजारावर अंश चढले. रिझर्व्ह बँकेच्या एका आदेशावरही त्याच सोमवारची तारीख आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे ‘पीएमसी’च्या ठेवीदारांना खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील, असं त्यात म्हटलं होतं. बाजार तेजीत आणि बँक बंद पडायच्या बेतात!

पुढच्या वर्षी उलट झालं. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १३ टक्क्यांनी कोसळला, पण त्यामुळे नागरी सहकारी बँकेतल्या कुणाच्या मुदत ठेवीतून एक रुपयाही वजा झाला नाही.

तरीही बाजार गडगडला की बँकेच्या काउंटरवर प्रश्न येतोच, ‘आमच्या एफडीचं काय होणार?’ या घबराटीला वर्तमानपत्रांचे मथळेही हातभार लावतात. ‘गुंतवणूकदारांचे लाखो कोटी स्वाहा’ हा आकडा केवळ गुणाकाराचा असतो. दिवसभरात कंपनीच्या थोड्याच शेअरांची देवघेव होते, पण शेवटच्या सौद्याचा भाव तिच्या झाडून सगळ्या शेअरांना लावतात. भाव उतरला की गुणाकार उतरतो. शेअर धरून बसलेल्याचं नुकसान खरंच असतं, मात्र त्यासाठी कोणत्याही बँकेच्या तिजोरीतून नोटा बाहेर पडलेल्या नसतात.

ठेव म्हणजे बँकेने तुमच्याकडून घेतलेली उधारी. ती परत मिळणं हे बँकेने पुढे कुणाला कर्ज दिलं यावर ठरतं. ‘पीएमसी’ने कर्जांचा मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड लपवला होता. सेन्सेक्सचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

संबंध येतो तो कुणी चोरवाट काढली तर. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन छोट्या बँकांनी हातात रोखे नसताना ‘रोखे आमच्याकडे आहेत’ अशा पावत्या लिहून दिल्या. त्या कागदावर मोठ्या बँकांनी पैसे सोडले आणि ते शेअर दलालांच्या हाती गेले. भाव चढते होते तोवर सगळं झाकलेलं राहिलं.

२००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल बँकेने तोच खेळ पे-ऑर्डरवर केला. पे-ऑर्डर पैसे भरून घेऊन द्यायची असते. माधवपुराच्या मुंबई शाखेने शेअर दलाल केतन पारेखच्या कंपन्यांना ती पैसे न घेताच दिली. मार्चमध्ये त्याचे लाडके शेअर आपटले, बँक ऑफ इंडियाने वटवलेल्या १३७ कोटींच्या पे-ऑर्डर परत गेल्या आणि ठेवीदारांची झुंबड उडाली. गुजरातेतल्या इतर सहकारी बँकांच्या ठेवीही माधवपुरात होत्या, त्यामुळे त्याही हादरल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांना शेअर दलालांना कर्ज देण्यास बंदी केली. १९९२ नंतर नऊ वर्षं उशिरा म्हणा हवं तर, पण माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत शहाणा नियम आहे.

म्हणून बाजार पडला की सेन्सेक्सकडे पाहण्यापेक्षा बँकेचा वार्षिक अहवाल उघडावा. थकीत कर्जं किती, संचालकांच्या नातलगांना किती, हे सर्वसाधारण सभेत विचारता येतं. (सभासद बहुधा अहवालाची पिशवी घेतात आणि चहापानाकडे वळतात.)

एक फरक मात्र आजही अनेकांना माहीत नसतो. फेब्रुवारी २०२० पासून सहकारी बँकेतल्या ठेवींना, व्याज धरून, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. कर्ज घेताना बँक जे शेअर घ्यायला लावते, त्यांना तो लागू नाही. आणि कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत, जिथे अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून आपण पैसे ठेवतो, तिथल्या ठेवींनाही हा विमा नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नाही.