घरटी एक प्रश्नावली

दोन मोठी माणसे आणि तीन मुले अशा पाच जणांच्या पॅलेस्टिनी कुटुंबाचा महिन्याचा खर्च २०१७ साली २,४७० शेकेलच्या आत असेल, तर ते कुटुंब गरीब धरले गेले. १,९७४ शेकेलच्याही आत असेल, तर अतिगरीब. खालच्या आकड्यात अन्न, कपडे आणि डोक्यावरचे छप्पर एवढेच बसते. वरच्या आकड्यात औषधपाणी, शाळा, गाडीभाडे, साबणसोडा यांचीही सोय धरलेली आहे. म्हणजे मधल्या पाचशे शेकेलांत मुलाला दवाखान्यात न्यायचे की घरीच झोपवायचे, हे ठरते.

या रेषा आखणारे पॅलेस्टिनी केंद्रीय सांख्यिकी कार्यालय रामल्लात आहे. तिथल्या प्रशासनाकडे स्वतःचे चलन नाही. रोजचा बाजार इस्रायली शेकेलमध्ये होतो, जमिनीचे व्यवहार बरेचदा जॉर्डनच्या दिनारमध्ये, काहींचा पगार डॉलरमध्ये. सीमेवरचे नाके त्याच्या हातात नाहीत आणि लोकसंख्येच्या नोंदवहीची किल्लीही अखेर इस्रायलकडे आहे. एवढे सगळे दुसऱ्याच्या हातात असताना घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे माणसे किती, जेवता काय, कमावते कोण’ हे विचारण्याचा अधिकार मात्र या कार्यालयाने कमावला आणि तीस वर्षे टिकवला. माझ्या मते पॅलेस्टिनी प्रशासनाने उभे केलेले हे सर्वांत भरवशाचे काम आहे. त्यावर फार लिहिले जात नाही, कारण सर्वेक्षणात छायाचित्र काढण्यासारखे काही नसते.

कामाची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. खर्चाच्या पाहणीत निवड झालेल्या घराला एक वही दिली जाते. महिनाभर घरात जे आले, जे खाल्ले, ज्यावर पैसे गेले ते त्यात टिपायचे. पाहणी करणारी व्यक्ती महिन्यात पुन्हा पुन्हा येते, वही तपासते, राहिलेले विचारून घेते. आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अन्वेषक बहुतांशी आठवणीवर विसंबतो: गेल्या सात दिवसांत भाजी किती, तीस दिवसांत तांदूळ किती. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी पुण्यात बसून १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, तो याच आठवणींच्या आधारावर. वहीची पद्धत अधिक काटेकोर खरी, पण ती घराचा जीव खाते. पहिल्या आठवड्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा लिहिली जाते. तिसऱ्या आठवड्यात माणूस कंटाळतो आणि ‘किराणा’ असा एकच आकडा टाकून मोकळा होतो. म्हणून त्या वारंवार भेटी.

खरी मेख पैसे न देता घरात आलेल्या गोष्टींची. स्वतःच्या झाडांच्या जैतुनाचे तेल वर्षभर पुरते, त्याला दमडी खर्च झालेली नसते. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडून पिठाचे पोते आलेले असते. घर स्वतःचे, त्यामुळे भाडे नाही. हे सगळे सोडून दिले, तर डोंगराळ खेड्यातला शेतकरी कागदावर उपाशी दिसेल. म्हणून तेलाला बाजारभाव लावायचा, पोत्याला किंमत धरायची, स्वतःच्या घराला अंदाजी भाडे लावायचे आणि मगच ते कुटुंब रेषेच्या वर की खाली, हे पाहायचे.

मोजणी या भूमीला नवी नाही, मोजणारे मात्र नेहमी बाहेरचे. ब्रिटिशांनी १९२२ आणि १९३१ मध्ये जनगणना केली. जून १९६७ च्या युद्धानंतर तीन महिन्यांत इस्रायलने वेस्ट बँक आणि गाझात संचारबंदी लावून घरोघर शिरगणती केली. त्या दिवशी जो घरात होता, तो रहिवासी. युद्धात जॉर्डन नदीपलीकडे गेलेला, कुवेतला नोकरीला असलेला, कैरोत शिकणारा यादीतून गळला आणि अनेकांचा परतीचा हक्कही त्याबरोबर गेला. एका पिढीने शिरगणतीचा हा अर्थ अनुभवलेला आहे. पुढे जो कुणी कागद घेऊन दारात उभा राहिला, त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे यावरून समजते.

राहणीमानाची पहिली मोठी पाहणी केली नॉर्वेच्या ‘फाफो’ या संशोधन संस्थेने. १९९२ मध्ये सुमारे अडीच हजार कुटुंबांकडे जाऊन माहिती गोळा झाली आणि पुढच्या वर्षी मारियान हाइबर्ग व गेर ओव्हेन्सेन यांचा जाडजूड अहवाल आला. या अहवालाला एक शेपूट आहे. फाफोचे प्रमुख तेर्ये रोड-लार्सन या कामाच्या निमित्ताने इस्रायली आणि पॅलेस्टिनी अशा दोन्ही बाजूंच्या लोकांत वावरत होते. ओस्लो कराराच्या गुप्त वाटाघाटी फाफोच्याच आडोशाने झाल्या. हाइबर्गबाई तर नॉर्वेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री योहान योर्गेन होल्स्ट यांच्या पत्नी. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीआडून राजकीय करार घडल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

१९९३ मध्येच पॅलेस्टिनी सांख्यिकी कार्यालय सुरू झाले. हसन अबू-लिब्दे हे पहिले प्रमुख. नॉर्वेच्या सांख्यिकी खात्याने हाताला धरून पद्धती शिकवल्या. १९९५ पासून श्रमशक्तीची पाहणी दर तिमाहीला नियमित होऊ लागली आणि डिसेंबर १९९७ मध्ये पहिली जनगणना झाली. आकडा आला सुमारे २९ लाख. त्यात पूर्व जेरुसलेम मात्र अंदाजाने धरावे लागले, कारण तिथे मोजणी होऊ नये म्हणून इस्रायलच्या संसदेने घाईने कायदा केला. तेव्हापासून कार्यालयाच्या तक्त्यांत जेरुसलेमचे दोन भाग दिसतात: १९६७ नंतर इस्रायलने आपल्यात सामील करून घेतलेला तो ‘जे-१’, उरलेला ‘जे-२’. ज्या भागात मोजता येत नाही, त्याच्यासाठीही रकाना ठेवायचा, हा या कार्यालयाचा बाणा.

आकड्यांवरून भांडण होणारच होते. २००५ मध्ये अमेरिका-इस्रायलमधल्या एका गटाने हे आकडे दहा लाखांहून जास्त फुगवलेले आहेत असा दावा केला. हिब्रू विद्यापीठातले लोकसंख्यातज्ज्ञ सर्जियो देल्ला पेर्गोला यांनीच तो खोडून काढला. २०१८ मध्ये इस्रायली लष्कराच्या प्रतिनिधीने संसदीय समितीपुढे दिलेली संख्याही रामल्लाच्या आकड्याच्या आसपासची होती. पण मला याहून बोलके वाटते ते लेबनॉनचे उदाहरण. तिथल्या सांख्यिकी खात्याने पॅलेस्टिनी कार्यालयाच्या मदतीने २०१७ मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्या आणि वस्त्या मोजल्या. माणसे भरली १,७४,४२२. संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी नावे होती साडेचार लाखांच्या वर, आणि लेबनॉनचे पुढारी भाषणांत त्याहूनही मोठे आकडे फेकत. खरा आकडा कुणालाच सोयीचा नव्हता: ज्यांना निर्वासितांचा बागुलबुवा दाखवायचा त्यांना नाही, आणि ज्यांना मदतीचे आकडे मोठे हवेत त्यांनाही नाही. तरी तो छापला गेला.

श्रमशक्तीच्या पाहणीत एक घर सलग दोन तिमाह्या विचारले जाते, पुढच्या दोन तिमाह्या सोडले जाते, मग पुन्हा दोनदा विचारले जाते. गेल्या आठवड्यात निदान तासभर काम केले का, कुठे केले, हे मुख्य प्रश्न. उत्तर ‘इस्रायलमध्ये’ असे आले की पुढचा प्रश्न येतो: परवान्यावर की परवान्याशिवाय? कुंपणातल्या फटीतून पहाटे बांधकामावर जाणारा गवंडी अनोळखी माणसाला हे खरे सांगतो, ही साधी गोष्ट नाही. दिलेली माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २००० सालच्या सांख्यिकी कायद्याने घातले आहे. पण दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात इस्रायली सैनिक याच कार्यालयात घुसून कागद आणि संगणक घेऊन गेले होते, हेही लोकांना ठाऊक आहे. तरीही परवान्याशिवाय जाणाऱ्यांचा रकाना दर तिमाहीला भरतो.

त्याच इंतिफादात, २००१ पासून, एक वेगळी पाहणी सुरू झाली: नाकेबंदीचा घरांवर परिणाम काय. उत्पन्न किती घटले हे विचारून झाले की ‘निभावले कसे’ हा प्रश्न येई. वीज-पाण्याची बिले थकवली का? दुकानदाराकडे उधारी वाढवली का? बायकोचे दागिने विकले का? खाणे कमी केले का? घर कोणत्या क्रमाने खचते, ते या यादीतून कळते. पुढे अन्नसुरक्षेच्या आणि सामाजिक-आर्थिक स्थितीच्या पाहण्यांत हाच प्रश्न मुरला. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीबद्दल फोनवरून विचारणा झाली, तेव्हा सुमारे ४२ टक्के घरांनी उत्पन्न निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटल्याचे सांगितले.

आकड्यांचा एक दोष या कार्यालयालाही टाळता येत नाही, तो म्हणजे सरासरीचा. २०१७ मध्ये गरिबी २९.२ टक्के होती. पण असा पॅलेस्टाइन कुठेच नाही. वेस्ट बँकेत १३.९ टक्के होती, गाझात ५३. शेकेल तोच, पण गाझाच्या नाकेबंदीने दोन अर्थव्यवस्था वेगळ्या केल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ च्या आधी गाझातली बेकारी ४५ टक्क्यांच्या घरात होती, वेस्ट बँकेतली १३ च्या. युद्ध सुरू झाले, इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्यांची वाट बंद झाली आणि वर्ष संपायच्या आत वेस्ट बँकेतला आकडा ३२ वर गेला.

गाझात घरोघर जाऊन विचारणे तेव्हाच थांबले. भाव गोळा करणे मात्र चालू राहिले. २०२४ मध्ये तिथला ग्राहक किंमत निर्देशांक जवळपास २३८ टक्क्यांनी चढल्याचे कार्यालयाने जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस गाझाची लोकसंख्या सहा टक्क्यांनी घटून २१ लाखांवर आल्याचा अंदाजही दिला. लोकसंख्या सतत वाढत आलेल्या पट्टीत घट नोंदवण्याची वेळ आली.

पुढची जनगणना २०२७ मध्ये व्हायची आहे. सर्वेक्षणाचे घर निवडायचे ते मागच्या जनगणनेच्या यादीतून: गणनाविभाग, त्यातल्या इमारती, इमारतीतली घरे. २०१७ मध्ये टॅब्लेटवर नकाशासह केलेली गाझाची ती यादी आज निरुपयोगी आहे, कारण त्यातल्या कितीतरी इमारतीच उरलेल्या नाहीत. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडझड मोजता येते, माणसे नाही. चार वेळा विस्थापित झालेल्या कुटुंबाचे नेहमीचे ठिकाण कोणते धरायचे, तंबूला घरक्रमांक कसा द्यायचा, आणि तीन भावांची बिऱ्हाडे एकाच चुलीवर जेवत असतील तर ती एक कुटुंब की तीन, याचा निर्णय प्रश्नावलीच्या पहिल्याच पानाला लागणार आहे.