पावलें मोजणारें यंत्र

घड्याळ काळ मोजतें, तराजू वजन मोजतो, गज लांबी मोजतो, हें आपण नित्य पाहतों. परंतु मनुष्य दिवसभरांत किती पावलें चालला हें सांगणारेंहि एक लहानसें यंत्र आहे. त्यास पेडोमीटर म्हणतात; मराठींत आपण त्यास पदगणक म्हणूं. डॉक्टरांनीं मला रोज चालण्यास सांगितलें, तेव्हां असें एक साधें यंत्र मीं विकत घेतलें आणि देवणी येथें वर्षभर कमरपट्ट्यास लावून वागविलें. त्या अनुभवांतून जें शिकलों, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हें यंत्र म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. तिच्या आंत बारीक स्प्रिंगवर तोललेली एक वजनदार दांडी असते. चालतांना आपलें शरीर प्रत्येक पावलागणिक किंचित् वर जातें व खालीं येतें. डबी शरीराबरोबर हालते. दांडी मात्र जडत्वामुळें क्षणभर मागें राहते व झोका घेते. जुन्या यंत्रांत हा झोका दातेरी चाकाचा एक दाता पुढें ढकली व तबकडीवरील कांटा सरके. माझ्या यंत्रांत दांडी टेकतांच विजेचा प्रवाह क्षणभर जुळतो आणि आंकडा एकानें वाढतो. हल्लींच्या मोबाइल फोनांत हेंच काम गतींतील फरक ओळखणारी एक सूक्ष्म चिप करते.

यावरून एक गोष्ट उघड होते. हें यंत्र खरें पाहतां पावलें मोजीत नाहीं. तें हिसके मोजतें. एकदां मी एस. टी. नें उदगीरास गेलों. सारी वाट बसून होतों, तरी खांचखळग्यांच्या कृपेनें कित्येक पावलें माझ्या खात्यावर जमा झालीं! उलट एका वृद्ध शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेंत मंद पावलांनीं चाललों, तेव्हां निम्मींअधिक पावलें यंत्राच्या हिशेबांत आलींच नाहींत. म्हणून आंकडा वाचतांना तो कसा आला याचा विचार करणें अवश्य आहे.

यंत्रावांचूनहि पावलें मोजणारा एक थोर पुरुष आपल्या देशांत होऊन गेला. त्याचें नांव पंडित नैनसिंह रावत. हिमालयांतील हा शाळामास्तर भूमापन खात्यानें शिकवून तयार केला आणि १८६५-६६ सालीं तो वेषांतर करून तिबेटांत ल्हासापर्यंत गेला. चढ असो वा सपाटी असो, पाऊल सारख्याच लांबीचें टाकण्याचा त्यानें अभ्यास केला होता. त्याच्या जपमाळेंत १०८ नव्हे, तर १०० मणी होते. शंभर पावलें झालीं कीं एक मणी सरकवावयाचा, म्हणजे एक माळ पुरी झाली कीं १०,००० पावलें. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें १८७७ सालीं त्यास सुवर्णपदक दिलें.

योगायोग असा कीं, रोज १०,००० पावलें चालावें हा नियम पुढें पदगणकामुळेंच लोकप्रिय झाला. टोकिओ येथें १९६४ सालीं ऑलिंपिक सामने झाले व दुसऱ्याच वर्षीं जपानांत ‘मानपो-केइ’ नांवाचा पदगणक विक्रीस आला. त्या नांवाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचें मापक’ असा आहे. वैद्यकीय संशोधन झालें तें मागाहून. अमेरिकेंतील वृद्ध स्त्रियांच्या २०१९ सालच्या पाहणींत लाभ सुमारें ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेलेला आढळला.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. आमच्या पांचवीच्या वर्गांतील एक मुलगी शेतांतल्या वस्तीवरून पायीं येई आणि वारंवार उशीर करी. मीं तिला कित्येकदां दाराबाहेर उभें केलें. “सर, मी तर पळतच आले,” असें ती म्हणे. मला तें निमित्त वाटे. त्या वस्तीवर मी एकदां गेलों होतों. यंत्रांत सुमारें ५,७०० पावलें दिसलीं होतीं आणि मला त्या वाटेचें कांहींच वाटलें नव्हतें.

पुढें वर्गांत सरासरीचें गणित शिकवितांना मैदानावर शंभर मीटर अंतर फितीनें मोजून मीं मुलांस त्यावरून चालविलें. मला १४३ पावलें लागलीं, म्हणजे माझें पाऊल ७० सेंटिमीटरांचें. त्या मुलीस १८२ लागलीं. तिचें पाऊल ५५ सेंटिमीटरांचें. वस्ती चार किलोमीटर दूर. फळ्यावर भागाकार केला तेव्हां उत्तर आलें ७,२७२! मीं तिला यंत्र देऊन घरीं पाठविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें तें माझ्या हातांत ठेविलें, तेव्हां शाळेच्या वाटेचा आंकडा ७,३१० होता. माझ्या वाटेहून तिची वाट सोळाशें पावलांनीं मोठी होती. आणि तितकीच परत जातांनाहि. मोठ्या माणसांचें आरोग्य ज्या आंकड्यावर तोललें जातें, तो ही मुलगी पहिल्या घंटेपूर्वींच जवळजवळ गांठीत होती. मीं वर्गासमोर तिची क्षमा मागितली. त्या दिवसापासून हजेरी पहिल्या तासाच्या शेवटीं घेऊं लागलों.

मित्रहो, ‘मैल’ हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘हजार’ या शब्दापासून आला आहे. रोमन सैनिकांचीं हजार दुहेरी पावलें म्हणजे एक मैल. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत ज्या दुसऱ्या मैलाची शिकवण दिली, तोहि पावलांनींच मोजलेला होता. मैलाचा दगड सर्वांस सारखाच आंकडा दाखवितो. परंतु ज्याचें पाऊल लहान, त्यास तीच वाट अधिक पावलें देऊन विकत घ्यावी लागते. कोणी मागें पडलेला दिसला, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्या पावलानें ती वाट एकदां मोजून पाहावी. माझ्या यंत्रानें मला शिकविलेला धडा तो एवढाच.