असिंक्रोनस सॉकेट प्रोग्रॅमिंग : क्लायंट प्रोग्रॅममधील दोषांचा शोध

प्रस्तावना :
संगणकांमधील संवादाचे सॉकेट हे साधन १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीद्वारे प्रसृत झाले. असिंक्रोनस पद्धतीत क्लायंट प्रोग्रॅम उत्तरासाठी थांबून राहत नाही. माहिती येताच कॉलबॅक फंक्शन कार्यान्वित होते. त्यामुळे वापरकर्त्याचे काम अडत नाही. मात्र दोषशोधन कठीण होते. एकाच संगणकावर निर्दोष चालणारा प्रोग्रॅम नेटवर्कवर अपुरी माहिती का दाखवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोषाचे मूळ :
टीसीपी हा बाइटचा अखंड प्रवाह आहे. संदेशाच्या सीमा तो जपत नाही. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये सामान्यतः १५०० बाइटचे पॅकेट मावते व शीर्षके वजा जाता माहितीसाठी सुमारे १४६० बाइट उरतात. साहजिकच ४००० बाइटचा संदेश तुकड्यांनी पोहोचतो. याउलट दोन लहान संदेश एकत्रही येऊ शकतात. एकाच संगणकावरील चाचणीत ही विभागणी सहसा दिसत नाही. पहिला तुकडा म्हणजेच पूर्ण संदेश असे गृहीत धरल्यास निकालपत्रकातील अखेरच्या नोंदी गळतात आणि त्रुटीची सूचनाही मिळत नाही.

तपासणीचा क्रम :
१) डॉट नेटमधील ‘एंडरिसीव्ह’ मिळालेल्या बाइटची संख्या परत देते. ती प्रत्येक वेळी नोंदवावी. बफरची लांबी म्हणजे मिळालेली माहिती नव्हे.
२) संदेशाच्या आरंभी त्याची लांबी पाठवावी व तितके बाइट जमेपर्यंत पुन्हा ‘बिगिनरिसीव्ह’ करावे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. म्हणून मजकुरात रूपांतर संदेश पूर्ण झाल्यावरच करावे.
३) शून्य बाइट मिळणे म्हणजे समोरील बाजूने पाठवणे संपवले आहे. तेथे वाचन थांबवावे. अन्यथा कॉलबॅक निष्फळ फिरत राहतो.
४) कॉलबॅक सहसा वेगळ्या थ्रेडवर चालतो. विंडोज फॉर्म्समध्ये पडद्यावरील बदल ‘इन्व्होक’मार्फतच करावा.
५) वायरशार्कमध्ये सर्व बाइट क्लायंटपर्यंत आलेले दिसल्यास दोष प्रोग्रॅममध्ये शोधावा.

निष्कर्ष :
टीसीपी बाइटचा क्रम राखते. संदेशाची सीमा राखण्याचे उत्तरदायित्व प्रोग्रॅमकाराचेच असते. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना प्रोग्रॅम दोन स्वतंत्र संगणकांवर, मोठ्या संदेशांसह आणि जोडणी मध्येच तोडून तपासणे आवश्यक ठरते.