दोरीची शंभर वर्षं

आज टोकियो, लंडन, बर्लिनमध्ये प्रौढ जोडपी शिबारी शिकायला रीतसर वर्गात जातात. जोडीदाराच्या अंगावर दोरीची नक्षी बांधण्याच्या या जपानी कलेला शतकानुशतकांची परंपरा आहे, असं तिथे हमखास सांगितलं जातं. त्यातलं अर्धंच खरं. दोरी जुनी आहे. दोघांच्या राजीखुशीने बांधणं मात्र अगदी अलीकडचं.

एदो काळात (१६०३–१८६८) होजोजुत्सु ही कैद्याला जेरबंद करण्याची विद्या होती. कैद्याचा दर्जा काय, गुन्हा कोणता, यावर बांधणी ठरे. बांधला जाणाऱ्याला काय वाटतं, हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

ही दोरी शृंगारात आणली चित्रकार इतो सेइऊ (१८८२–१९६१) याने. जुन्या शिक्षांची वर्णनं आणि काबुकी नाटकांतले छळाचे प्रसंग त्याने अभ्यासले, मॉडेलना बांधून त्यांची चित्रं काढली, छायाचित्रं घेतली. मुद्राचित्रकार योशितोशीच्या १८८५च्या एका चित्रात एक गरोदर बाई उलटी टांगलेली आहे. ते पाहून इतोने आपल्या गरोदर बायकोला तसंच टांगून छायाचित्र काढलं. आधुनिक शिबारीचा जनक म्हणून त्याचं नाव घेताना हा प्रसंग वगळून चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली ‘कितान क्लब’ हे मासिक निघालं आणि पुढे त्यात छंदिष्टांना हक्काची जागा मिळाली. दान ओनिरोकूची ‘हाना तो हेबी’ ही कादंबरी त्यातच क्रमशः आली. १९७४मध्ये निक्कात्सु कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला आणि दोरी मोठ्या पडद्यावर पोचली. पण कथा अपहरणाची आणि जबरदस्तीचीच होती.

संमतीची भाषा आली ती दुसरीकडून. १९८३च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेने ‘सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं’ अशी त्रिसूत्री मांडली. नव्वदच्या दशकापासून शिबारी जपानबाहेर पसरली, तेव्हा या विचाराशी तिची गाठ पडली. लेखिका मिदोरी यांचं २००१चं इंग्रजी पुस्तक अनेकांचं पहिलं पाठ्यपुस्तक ठरलं.

आजचा वर्ग पाहिला तर फरक कळतो. तागाची किंवा अंबाडीसारख्या धाग्याची, साधारण सहा मिलिमीटर जाडीची, सात-आठ मीटरची दोरी. तिची कुसं ज्योतीवरून फिरवून जाळायची, मग तेलाचा हात द्यायचा. दोरी दुमडून मधल्या वळापासून सुरुवात. मनगटाला वेढे घातले की खालून बोट सहज सरकतंय का, ते बघायचं. दंडाच्या बाहेरच्या बाजूने एक चेतातंतू त्वचेजवळून जातो. तिथे काच बसला तर मनगट लुळं पडू शकतं. म्हणून मुंग्या आल्या, बोटं बधिरली की लगेच सोडायचं. गळ्याभोवती दोरी नाही. बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच, आणि ‘थांब’साठीचा शब्द आधी ठरलेला हवा. टांगण्याचे प्रकार तर जाणकाराकडे शिकल्याशिवाय करूच नयेत.

वैद्यकशास्त्राचीही नजर बदलली. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगसूचीत प्रौढांच्या संमतीने होणारी अशी वर्तणूक आजार म्हणून राहिलेली नाही.

तरी प्रश्न मिटलेले नाहीत. छायाचित्रकार नोबुयोशी अराकी यांच्या दोरीतल्या छायाचित्रांना जगभरच्या कलादालनांत मान मिळाला. २०१८मध्ये त्यांच्या अनेक वर्षांच्या एका मॉडेलने जाहीरपणे लिहिलं, की आपल्याशी कधी करार झाला नाही आणि आपली छायाचित्रं आपल्याला न विचारता वापरली गेली. संमती फक्त दोरी बांधण्यापुरती नसते, हे त्या लेखाने ठणकावलं.

तेव्हा या कलेला प्रतिष्ठा देण्यासाठी एदो काळाची साक्ष काढायची गरज नाही. तिच्यातलं अभिमानाने सांगण्याजोगं जे आहे, ते गेल्या चाळीसेक वर्षांतलंच आहे. कुतूहल वाटणाऱ्या जोडप्यांनी नक्षी नंतर शिकावी. नकार ऐकायला आणि द्यायला आधी शिकावं.