निद्रा की मूर्च्छा?

इस्पितळातील इतर कोणत्याही कक्षात रात्री दोनच्या सुमारास रुग्णाचा डोळा लागला, तर नातलगांना हायसे वाटते आणि परिचारिकाही हलक्या पावलांनी पुढच्या खाटेकडे वळते. परंतु जेथे डोक्याला मार लागलेले, पक्षाघाताने आडवे झालेले अथवा मेंदूची शस्त्रक्रिया नुकतीच पार पडलेले रुग्ण दाखल असतात, तेथे ही झोप बिनतक्रार मान्य करण्याची मुभा रात्रपाळीच्या सिस्टरला नसते. निद्रा आणि मूर्च्छा दुरून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात, आणि कवटीच्या आत रक्त साचू लागले किंवा सूज वाढू लागली, की त्याचा पहिला पुरावा पुष्कळदा वाढत्या गुंगीचाच असतो. म्हणून ठरलेल्या वेळी, कित्येकदा दर तासाला, झोपलेल्या माणसाला नावाने हाक मारून उठवणे, त्याला महिना कोणता आणि आपण कोठे आहोत हे विचारणे, दोन्ही हातांनी आपली बोटे आवळायला लावणे, हे तिचे कर्तव्यच ठरते.

या तपासणीला निश्चित रूप ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन शल्यचिकित्सकांनी १९७४ साली दिले. तोवर ‘अर्धवट शुद्धीत’, ‘सुस्त’ असे शेरे नोंदपत्रात पडत आणि एकाची सुस्ती दुसऱ्याला तशीच वाटेल याची शाश्वती नसे. आजच्या मोजपट्टीत डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे कमाल गुण मुक्रर आहेत. पूर्ण शुद्धीवरच्या माणसाचे १५ होतात, सर्वांत खालची पायरी ३ ची, आणि ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गाढ बेशुद्धी. संध्याकाळच्या सिस्टरने ‘चौदा’ म्हणून हवाली केलेला रुग्ण मध्यरात्री बारावर आला, तर डॉक्टरांना उठवायचे की नाही याचा विचार करीत बसण्याचे कारण उरत नाही.

यानंतर बॅटरी हाती येते. सिस्टर अंगठ्याने पापणी हळूच वर करते, प्रकाश बाजूने बुबुळावर आणते आणि त्यातील काळी बाहुली चटकन आकसते का हे पाहून तिचा आकार तक्त्यावर छापलेल्या काळ्या ठिपक्यांशी ताडते; मग दुसरा डोळा. एका बाजूची बाहुली विस्फारून प्रकाशाला दाद देईनाशी झाली, तर सुजलेला मेंदू खाली सरकून डोळ्याकडे जाणारी तिसरी कपालतंत्रिका दाबत असल्याची दाट शंका येते, आणि तेव्हा हिशेब मिनिटांचा असतो. कवटी हाडांची, तिला पसरता येत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे द्रव यांपैकी एकाने जास्त जागा घेतली, की ती इतरांच्या वाट्यातून जाते. हा दाब फार वाढला म्हणजे रक्तदाब चढतो आणि नाडी मात्र मंदावते. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी याचे सविस्तर विवेचन केले. नाडी मंद झाली म्हणजे रोगी शांत झाला, असा समज येथे प्राणघातक ठरू शकतो.

शुद्ध हरपण्याच्या नेमके उलट चित्र गियाँ-बारे विकारात दिसते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात हा विकार एकाएकी पसरला, तेव्हा त्याचे नाव मराठी घरांत प्रथमच मोठ्या प्रमाणावर ऐकू आले. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बळ बहुधा पायांपासून जात जात श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते, आणि बुद्धी पूर्ण जागी असते. सिस्टर अशा रुग्णाला एका श्वासात अंक मोजायला सांगते. काल पंचविसापर्यंत गेलेला माणूस आज बारावर अडखळला, तर कृत्रिम श्वसनाची सिद्धता करण्याची वेळ आलेली असते. नळी घातल्यावर वाचा बंद. उरते ती पापणीची भाषा, तीही ज्याची पापणी हलते त्याचीच. निश्चल पडलेल्या त्या माणसाला अंधारात सर्व ऐकू येत असते, म्हणून त्याच्या खाटेशी प्रत्येक कृती आधी सांगून करणारी परिचारिका मला फार मोठी वाटते.

दर दोन तासांनी मावशींच्या मदतीने कूस बदलणे, खाटेची उशाकडची बाजू उंच ठेवणे, गिळता येते याची खात्री होईपर्यंत पाण्याचा घोटही न देणे, ही कामे चालूच असतात. झटका आलाच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणाऱ्या नातलगांना आवरून ती रुग्णाला कुशीवर वळवते, तोंडात काहीही घालू देत नाही, आणि झटका कोणत्या अवयवापासून सुरू झाला व किती वेळ टिकला हे घड्याळ पाहून लिहून ठेवते.

पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान मनुष्याच्या शरीराचे तापमान आणि त्याची सावधता नीचांकाला पोहोचते, आणि याच वेळी तिने निद्रा व मूर्च्छा यांतला सूक्ष्म भेद ओळखावा अशी आपली अपेक्षा असते. रात्रपाळीच्या कामाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली ‘संभाव्य कर्ककारक’ वर्गात केली आहे. रात्री रुग्ण झोपलेले असतात, सबब परिचारिका कमी चालतील, हा हिशेब या कक्षाला लावणे सर्वथा अन्यायाचे आहे.

आपले माणूस अशा कक्षात असेल, तर सिस्टर पहाटे त्याला उठवू लागली म्हणून तिला अडवू नये. उलट घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, कोणत्या कानाने कमी ऐकू येते, तो डावखुरा आहे का, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कोणत्या डोळ्याची झाली आहे, हा तपशील दाखल करतेवेळीच तिच्या नोंदपत्रात लिहवून द्यावा.